परमुलखाचा वास आणि ऋणाची जाणीव

‘कृतज्ञ’ हा शब्द आपण सहज बोलून जातो. पत्राच्या शेवटी लिहितो, सभेत आभार मानताना म्हणतो. पण त्याची फोड करून पाहावी. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञतेच्या मुळाशी ज्ञान आहे. गहिवर मागाहून येतो, आधी कळावे लागते. ज्याला कळलेच नाही त्याला आपण कृतघ्न तरी कसे म्हणावे? तो नुसता अजाण. आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळांची गत अशा अजाणाचीच असते.

का बरे असे व्हावे? जे रोज मिळते ते दिसेनासे होते, एवढेच त्याचे कारण. पाण्यातल्या माशाला पाणी म्हणजे काय हे कोणी विचारावे? पंढरपुरात ज्याचा जन्म गेला त्याला चंद्रभागा म्हणजे धुणे धुवायची नदी. आळंदीत ज्याचे दुकान आहे त्याला इंद्रायणीचा काठ म्हणजे गिऱ्हाइकांची वर्दळ. घरात आई पहाटे उठून चूल पेटवते, आजोबा हरिपाठ म्हणतात, दारात तुळस आहे, एकादशीला भगर शिजते. ह्यातले काही आपण मागून घेतलेले नाही. सारे आयते मिळाले. म्हणून त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच.

मग हा हिशोब कळावा कधी? बहुतेकांना तो दूर गेल्यावर कळतो. ह्या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. परमुलखात राहणे, मग तो उत्तरेकडचा प्रांत असो की सातासमुद्रापलीकडचा देश, माणसाची दृष्टी कशी पालटते. आणि पालटलेल्या दृष्टीचे पुढे काय करावे.

माहेर कोणाला असते?

आपल्या संप्रदायात पंढरीला माहेर म्हणण्याची चाल आहे. आपण हा शब्द इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली खोच निसटून जाते. माहेर कोणाला असते? सासरी गेलेल्या लेकीला. जी मुलगी घर सोडून गेलीच नाही, तिला घर असते, माहेर नसते. त्याच भिंती, तेच अंगण, तीच आई. पण ‘माहेर’ हे नाव त्या घराला मिळते ते मुलगी वेशीबाहेर गेल्यावर. परक्या घरात पहिल्यांदा पाणी भरताना तिला कळते की आपल्या घरी घागर कोण भरून ठेवीत होते. तोवर घागर भरलेलीच असायची. कोणी भरते, हा विचारच कधी मनाला शिवला नव्हता!

म्हणजे संतांनी पंढरीला माहेर म्हटले तेव्हा दोन गोष्टी एकदम सांगितल्या. ती जिव्हाळ्याची जागा आहे ही एक. आणि आपण सध्या तिच्यापासून दूर आहोत ही दुसरी. दूरपणा मनात धरल्यावाचून माहेराची ओढ लागत नाही. वारी वर्षातून दोनदा, चारदा किंवा महिन्याची असते. ती घडते कारण आपण परत गावी जातो. गेलो नसतो तर आलो कसे असतो?

नामदेवरायांचा प्रवास

ह्या विषयात पहिले उदाहरण घ्यावे ते श्रीनामदेवमहाराजांचे. जन्म इ. स. १२७० चा. दामाशेटी आणि गोणाई ह्यांच्या पोटी आलेला हा भक्त विठ्ठलाच्या इतका लगटीचा की देवाने आपल्या हातचा नैवेद्य खाल्लाच पाहिजे असा हट्ट लहानपणी धरून बसला, असे परंपरा सांगते. अशा माणसाला पंढरी सोडून जाणे म्हणजे पोटच्या पोराने आईचा पदर सोडण्यासारखे. ज्ञानेश्वरमहाराज तीर्थयात्रेला निघाले आणि नामदेवांना बरोबर चला म्हणाले, तेव्हा नामदेवांचा पाय निघेना. तीर्थावळीच्या अभंगांत ही सारी हकिगत आली आहे. शेवटी देवानेच आपल्या लाडक्याला ज्ञानदेवांच्या हाती सोपविले.

आता इथे कोणी विचारील, देव जवळ असताना देवानेच त्याला दूर का धाडावे? उत्तर त्याच यात्रेत मिळते. मारवाडच्या रुक्ष मुलखात दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांजवळ योग नव्हता. त्यांच्याजवळ हाक होती. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, अशी कथा आहे. कथेतल्या चमत्काराकडे एक वेळ बघू नका, जागेकडे बघा. चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून पाण्यासाठी हाक मारायची पाळी नामदेवांवर कधी आली नसती. पंढरीत देव समोर होता. समोर असलेल्याला हाक कशाला मारायची? कोरड्या मुलखात तहान लागली तेव्हा नामदेवांना कळले की आपला देव विटेवर आहे तसा मारवाडातही आहे.

पुढे इ. स. १२९६ साली ज्ञानेश्वरमहाराजांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेवराय उत्तरेत गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. आज गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान ह्या गावी त्यांचे मोठे स्थान आहे. शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणतात. गुरु अर्जुनदेवांनी इ. स. १६०४ मध्ये जो आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदे आहेत, आणि आजच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची संख्या ६१ आहे. ह्या पदांची भाषा मराठी नव्हे, तिकडच्या लोकांना समजेल अशी हिंदी वळणाची आहे. पण एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी. भाषा बदलली, श्रोते बदलले, हवापाणी बदलले. तरी त्या पदांत ‘बीठल’ हे नाव येतेच. दर्जी गावाबाहेर गेला तर सुई बरोबर नेतो, तसे हे नाव त्यांनी बरोबर नेले. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ह्याच घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या मंडळींना तिथे परके वाटण्याचे कारण नव्हते. सातशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस तिथे आपला होऊन राहिला होता.

इथे धडा दुहेरी आहे. नामदेवांनी पंढरीचे ऋण पंजाबात फेडले, ते पंढरीसाठी झुरत बसून नव्हे. तिथल्या माणसांची भाषा त्यांनी घेतली, तिथले अन्न खाल्ले, आणि आपल्याजवळचे उत्तम ते तिथे वाटले. जो परमुलखात जाऊन त्या मुलखालाच नावे ठेवीत बसतो, त्याला आपल्या गावाचेही ऋण नीट कळलेले नसते. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा उपकार मानावा, हे शहाणपण गावीच शिकलेले असते ना?

हैबतबाबांची गोष्ट

दुसरे उदाहरण आपल्या वारीच्या अगदी काळजातले. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचा जो थाट आज आपण बघतो, तो बसविला हैबतबाबा आरफळकर ह्यांनी. हे सातारा भागातल्या आरफळचे. पण त्यांची उमेद गेली ती दूर ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या दरबारी चाकरीत. सरदारकी मिळाली, मान मिळाला. पुढे ते आपली मिळकत घेऊन गावाकडे परत येत असताना सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना पकडले आणि गुहेत कोंडून दारावर शिळा लावली, अशी परंपरेची कथा आहे. कोंडलेल्या हैबतबाबांनी हरिपाठ सुरू केला. दरबार गेला, धन गेले, सोबती गेले; हरिपाठ उरला. तो कोणी लुटून नेऊ शकत नव्हते. पुढे टोळीच्या नायकाला पुत्र झाला, त्या आनंदात त्याने गुहा उघडली, आणि आत हा माणूस नामस्मरण करीत जिवंत बसलेला दिसला. नायकाने मानाने त्यांची पाठवणी केली.

हैबतबाबा आरफळला जाऊन सुखाने राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांना एक हिशोब कळला होता. गुहेत जो हरिपाठ सोबत राहिला तो माउलींचा. म्हणजे जीव वाचला तो आळंदीच्या उपकाराने. ते आळंदीला आले आणि उरलेले आयुष्य तिथे वाहिले. त्याआधी इ. स. १६८५ पासून तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज ह्यांनी ज्ञानोबा-तुकोबा दोघांच्या पादुका एका पालखीतून नेण्याची प्रथा घातली होती. इ. स. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. ते आजही दरसाल अंकलीहून चालत आळंदीला येतात.

आता ह्यात नीट बघण्यासारखे काय आहे? हैबतबाबांनी परमुलखात जे शिकले ते टाकून दिले नाही. ते लष्करी पेशात मुरलेले. शिस्त कशी असते, तळ कसा पडतो, कोण पुढे कोण मागे, हे त्यांना ठाऊक. ती सारी विद्या त्यांनी माउलींच्या पायी लावली. रथापुढच्या २७ दिंड्या, मागच्या दिंड्यांचा क्रम, वाटचालीतले भजन, मुक्कामाचे कीर्तन, सारे नेमून दिलेले. संध्याकाळच्या समाजआरतीला दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने चोप वर केला की एका क्षणात एवढा जनसमुदाय चिडीचूप! मग हरवले-सापडले पुकारतात, कोणाची तक्रार असेल ती ऐकतात. ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही. ही शिस्त ग्वाल्हेरच्या चाकरीतून आली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परदेशी मिळविलेले ज्ञान घरच्या देवाला वाहण्याचा ह्याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

दोन पायऱ्या

वाचकहो, आता ह्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवा. पंढरपूरच्या महाद्वारी पहिली पायरी कोणाची? नामदेवांची. आळंदीच्या महाद्वारी पायरी कोणाची? हैबतबाबांची. पंढरीस जाणारा नामदेव पायरीला डोके टेकल्यावाचून आत जात नाही. आणि आळंदीस कार्तिकात माउलींच्या समाधी-सोहळ्याची सुरुवात होते ती हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने.

दोघेही दूर गेलेले. दोघेही परत आलेले. आणि दोघांचीही जागा दारात! गाभाऱ्याजवळ नाही, मंडपात नाही. येणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल जिथे पहिल्यांदा पडते तिथे. घरातच राहणाऱ्याला उंबरठ्याची एवढी किंमत नसते. तो दिवसातून दहा वेळा ओलांडतो. जो लांबून येतो त्याला उंबरठा दिसला की घसा दाटतो. म्हणून मला वाटते, दूर राहून आलेल्या भक्ताने मागितलेली जागा ही अशीच असायची. ‘मी आलो’ हे सांगणारी, आणि ‘तुम्हीही या’ हे म्हणणारी.

दारात असूनही परदेश

पण इथेच थांबलो तर धडा अर्धा राहील. पंढरपूरला नामदेव पायरीच्या समोरच आणखी एक समाधी आहे, ती चोखोबारायांची. चोखोबा कुठल्या परदेशी गेले नव्हते. मंगळवेढा ते पंढरपूर एवढाच त्यांचा पल्ला. तरी त्यांना देऊळ परके होते. महाद्वारापाशी उभे राहून आतल्या देवाला बाहेरून जोहार करायचा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत अंगावर पडून ते गेले, तेव्हा नामदेवांनी तिथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारी समाधी बांधली. माझ्या मनात येते, ज्या नामदेवांना दूरपणाचे दुःख पुरते ठाऊक होते त्यांनाच दारात तिष्ठणाऱ्याचे दुःख ओळखता आले असेल.

परमुलखात गेले म्हणजे घरचे चांगले दिसते हे खरे. पण घरचे वाईटही दिसते, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना जातीवरून कोणी दूर बसविले नाही. तेथून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. परत आल्यावर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर एवढ्या विद्वान माणसाला राहायला जागा मिळेना. एका खाणावळीत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशात माणूस म्हणून वावरलेल्याला स्वदेशात हा अनुभव! दूर राहून पालटलेली दृष्टी अशीही असते. आणि ती दृष्टी खोटी होती असे म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती आहे?

तरी बघा, त्यांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले तेव्हा मथळ्यापाशी तुकोबारायांचे वचन घातले. आणि १९४८ मधले अस्पृश्यतेच्या उगमावरचे आपले पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केले. पुढे १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांची वाट वेगळी झाली. पण ज्याने दुःख बोलून दाखविले त्या चोखोबांचे ऋण त्यांनी मानले. इकडे साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण मांडले, आणि मग विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. चोखोबांनंतर सहाशे वर्षे लागली!

म्हणून म्हणतो, कृतज्ञता म्हणजे ‘आमचे सारे चांगले’ असे म्हणत डोळे मिटणे नव्हे. ज्या घराने वाढविले त्या घराची भिंत ढासळली असेल तर ती बांधून काढणे हाही ऋणफेडीचाच भाग. दूर राहून आलेला माणूस चार शब्द कडू बोलला तर लगेच ‘हा बिघडला’ म्हणू नये. तो काय सांगतो ते ऐकावे. कदाचित घागर रिकामी आहे हे त्यालाच आधी दिसले असेल.

समुद्रापलीकडे

आता जरा समुद्रापलीकडे बघू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या बंदरास लागले. तिथून जी रीघ लागली ती सुमारे १९२० पर्यंत चालली आणि जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहार, पूर्वेकडचे प्रांत आणि मद्रास इलाख्यातली. पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे आणि देशावरचे मराठी लोकही त्यांत होते. उसाच्या मळ्यातले काम, पाच वर्षांचा करार, त्यालाच ते ‘गिरमिट’ म्हणत. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी रीत. विचार करा, अशा ठिकाणी एखाद्याला एकादशीला भजनासाठी एक दिवस हवा असता तर त्याची किंमत दोन दिवसांची! आपण इथे सुट्टीच्या दिवशीही ‘आज जमत नाही’ म्हणतो.

आणखी एक नवल. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस. आपल्याकडे आषाढात ढग भरून येतात, तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि ऊसतोडणीचा हंगाम सुरू झालेला असतो. आषाढ म्हणजे पाऊस, पेरणी, चिखलातली वारी, हे जे आपल्या रक्तात आहे, त्यातले तिकडे काहीच नाही. पंचांगातला महिना तोच, आभाळ निराळे. तरी त्या लोकांच्या पिढ्यांनी सण सोडले नाहीत. गणेशचतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातली जाखडी तिकडे अजून नाचतात, शाळांतून मराठी शिकवितात. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या ज्या १६ दगडी पायऱ्या चढून ही माणसे वर आली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. पाहा, इथेही पायऱ्याच! वर चढताना त्या माणसांच्या गाठोड्यात काय असेल ते असो. मनात काय होते ते त्यांच्या पणतवंडांच्या सणांवरून दिसते.

आजचा परदेशवास तसा नाही. विमानाने एका दिवसात जाता येते, आईचा चेहरा रोज फोनवर दिसतो. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, अमेरिकेत गावोगावी मंडळे आहेत. तरी लहानसहान गोष्टी माणसाला जागे करतात. तुळशीचेच घ्या. इथे ती दारात वाढते, कोणी पाणी घातले नाही तरी तग धरते. थंड मुलखात तिला कडाका सोसत नाही. तिची कुंडी खिडकीत, उन्हाच्या तिरपीत, घरच्या उबेत ठेवावी लागते, लेकरासारखी. अशी चार पाने जपली म्हणजे मग कळते की देवाला हारभर तुळस वाहणारे आपले गाव किती श्रीमंत आहे!

एकादशीचेही तसेच. आपली तिथी सूर्योदयावर धरतात. सूर्य तिकडे उशिरा उगवतो, तेव्हा अमेरिकेत कधी कधी एकादशी आपल्या पंचांगाच्या एक दिवस आधी पडते. गावच्या पंचांगाकडे बघून उपास धरणाऱ्याला तिथे प्रथमच विचार करावा लागतो की तिथी म्हणजे काय, ती ठरते कशी. इथे आजी सांगायची, ‘उद्या एकादशी हो!’ आणि झाले. लंडनात आषाढीच्या सुमारास पहाटे पाचला उजाडते आणि रात्री नऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. पंढरीत पहाटे चारला काकड्याची वेळ होते, तेव्हा तिथल्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दिवसभराच्या कामाने थकलेला एखादा जीव त्या वेळी डोळे मिटून हात जोडतो. त्याच्या हात जोडण्यात आणि देवळाच्या बोळात राहून साखरझोपेत असणाऱ्याच्या झोपेत काय अंतर आहे ते ज्याचे त्याने पाहावे.

मग करावे काय?

कोणी म्हणेल, ‘म्हणजे ऋण कळण्यासाठी प्रत्येकाने परदेशी जावे की काय?’ नाही बाबा. सारे गेले तर घागर कोण भरणार? शिवाय परदेशी जाऊनही ज्याला काही कळले नाही असे पुष्कळ आहेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसे काहींना दुरून गाव नुसता साजरा दिसतो. ते गावाच्या आठवणी काढून डोळे पुसतात, पण गावच्या म्हाताऱ्या आईबापांना दोन वर्षांत भेटत नाहीत. आठवण म्हणजे कृतज्ञता नव्हे. आठवणीने पाऊल उचलले पाहिजे.

जे दूर आहेत त्यांना प्रेमाने सांगावेसे वाटते ते एवढेच. एक तर आपल्यासाठी कोणी काय केले त्याची नावानिशी उजळणी करावी. ‘मातृभूमीचे उपकार’ असे मोघम म्हणू नये. शाळेची फी कोणी भरली, पहिली ओवी कोणी शिकविली, पहिल्या वारीत खांद्यावर कोणी घेतले, त्यांची नावे घ्यावीत. त्यांतले जे हयात असतील त्यांना दोन शब्द आजच कळवावेत. दुसरे, ज्या देशाचे अन्न खाता त्याचे ऋण माना, तिथल्या शेजाऱ्याच्या उपयोगी पडा. नामदेवराय पंजाबात राहिले तसे राहा. तिसरे, तिथे जे शिकाल त्यातले उत्तम इकडे आणा. हैबतबाबांनी शिस्त आणली तशी. वारीच्या वाटेवर स्वच्छता, पाणी, औषधोपचार ह्यांचे काम कधी संपत नाही.

आणि आपण जे इथेच आहोत, त्यांनी? आपल्याला दूर जाण्याची एक युक्ती संतांनी आधीच दिलेली आहे. तिचे नाव वारी. आळंदी ते पंढरी सुमारे वीस दिवस घर सोडायचे. आपले अंथरूण नाही, आपली चूल नाही, वेळेवर पाणी नाही, पावसात तंबू गळतो. कोणा अनोळखी माउलीने दारात उभे राहून पिठले-भाकरी वाढली तर ती अमृत लागते. घरी तीच भाकरी खाताना आपण कधी वर मान करून वाढणारीकडे पाहिले होते का? वारी हा वर्षाचा छोटा परदेशवास आहे. तो संपवून घरी आल्यावर निदान आठ दिवस तरी भरलेली घागर दिसते. ते आठ दिवस वर्षभर कसे पुरवावेत, हाच वारकऱ्याचा अभ्यास.

शेवटी परमार्थाच्या अंगाने एक शब्द. संसारात आपण सारेच काही काळापुरते आलेले आहोत. हे शरीर भाड्याची खोली, हा गाव मुक्कामाचा तळ. हे ज्याला उमजले तो मुक्कामाच्या जागेचा तिरस्कार करीत नाही. वारकरी तळ सोडताना जागा झाडून निघतो आणि ज्याच्या अंगणात झोपला त्याला हात जोडून ‘माउली’ म्हणतो. तसेच वागावे. ज्याने ठेवून घेतले त्याचे आभार, ज्याने धाडले त्याची आठवण, आणि जिथे जायचे त्याची ओढ. ही तीन एकत्र आली की परदेश परका राहत नाही आणि घर गृहीत धरले जात नाही.

ह्या आषाढीला नामदेव पायरीवर डोके टेकाल तेव्हा क्षणभर थांबा. गर्दी मागून रेटत असेल, तरी थांबा. तुमच्या घरचे, गावचे, नात्यातले जे कोणी आज दूर देशी आहे, त्याचे नाव मनात घ्या आणि मगच पाऊल वर टाका. आणि समोरच्या चोखोबांकडे वळून, आपल्या दारात अजून कोणी उभे तर नाही ना, हेही एकदा स्वतःला विचारा.

रामकृष्णहरि.